लेसोथो आणि एस्वातिनी, नक्की कुठला कुठला?

साउथ आफ्रिकेचा नकाशा उघडला की दोन छोटे देश दिसतात आणि आपल्याकडे निम्मे लोक त्यांची नावं अदलाबदल करतात. घोळ होणारच, कारण दोन्हीकडे राजा, दोन्हीकडे समुद्र नाही, दोन्ही आधी ब्रिटिशांकडे आणि स्वतंत्र झाले तेही दोन वर्षांच्या फरकाने, लेसोथो १९६६ ला आणि एस्वातिनी १९६८ ला. पण जायचं असेल तर फरक माहीत पाहिजे, नाहीतर बॅगच चुकीची भरली जाते.

लेसोथोला चारही बाजूंनी साउथ आफ्रिकाच आहे. उच्चार 'लेसुटू'च्या जवळ जातो आणि तिथल्या लोकांना बासोथो म्हणतात. आकाराने साधारण आपल्या कोकण विभागाएवढा, पण सगळा डोंगराळ, इतका की देशातली सगळ्यात खालची जागासुद्धा १,४०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे महाबळेश्वर गावापेक्षा वरच. अख्खा देश १,००० मीटरच्या वर, असं जगात दुसरीकडे कुठेच नाही. जून-जुलैत बर्फ पडतो, त्यामुळे 'आफ्रिका म्हणजे ऊन' हे डोक्यातून काढा आणि जाड जॅकेट घ्या. तिथले लोक जाड लोकरीचं ब्लँकेट खांद्यावर पिन लावून घेतात आणि डोंगरात अजूनही घोड्यावरून फिरतात. जायला सानी पासचा घाट आहे, माथा २,८७६ मीटरवर, फोर बाय फोर गाडीशिवाय वर सोडत नाहीत. सेमोंकाँगजवळचा १९२ मीटरचा मालेत्सुन्याने धबधबा तर बघाच, मला विचाराल तर त्या एकासाठीसुद्धा जावं.

एस्वातिनी म्हणजे जुनं स्वाझिलँड, नाव २०१८ मध्ये राजानेच बदललं. हा मात्र पूर्ण वेढलेला नाही, पूर्वेला मोझांबिक लागतं. आपल्या नगर जिल्ह्यापेक्षा किंचितच मोठा. लेसोथोत राजा नावापुरता, कारभार पंतप्रधान बघतात, पण इथे शेवटचा शब्द राजाचाच. प्राणी बघायचे तर इकडे या, ह्लाने पार्कात सिंह, हत्ती, गेंडे आहेत. पूर्वेकडच्या सखल भागात मलेरिया असतो, डॉक्टरांना आधी विचारून गोळ्या घ्या, लेसोथोत तो प्रश्न नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हिसा. दोन्हीकडे जाताना बहुतेक जोहान्सबर्गवरूनच जावं लागतं, आणि साउथ आफ्रिकेचा व्हिसा सिंगल एंट्री असेल आणि तुम्ही बॉर्डर ओलांडून बाहेर पडलात तर परत आत येता येत नाही, म्हणून मल्टिपल एंट्रीच मागा. पैशांचं सोपं आहे, लेसोथोचा लोटी आणि एस्वातिनीचा लिलांगेनी दोन्ही साउथ आफ्रिकेच्या रँडच्या बरोबरीचे आणि रँड दोन्हीकडे चालतो. उलटं मात्र होत नाही, साउथ आफ्रिकेतल्या दुकानात लोटी घेत नाहीत, त्यामुळे सुटे उरले असतील ते बॉर्डरच्या अलीकडेच खर्च करा.