मॅग्नेटच्या कोअरमध्ये मायक्रॉनची भानगड आली कुठून

पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटरच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) मॅग्नेटचा लोखंडी कोअर (गाभा) दिसायला ट्रान्सफॉर्मरचाच मोठा भाऊ, पण इथे बीमला (कणांच्या झोताला) वळवणारं चुंबकी फिल्ड कसं पडणार हे पोलच्या (चुंबकाच्या टोकाच्या) आकारावर ठरतं, म्हणजे दोन पोलमधली गॅप ५० मिमी असेल आणि ती ५ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) चुकली तर फिल्ड दहा हजारात एक भागाने चुकलं, आणि बऱ्याच मशीनना तेवढीच चूक चालते.

आधी हे दुखणं एवढं नव्हतं. रशियातल्या दुब्नाचा सिंक्रोफासोट्रॉन नावाचा अ‍ॅक्सिलरेटर घ्या, १९५७ चा, १० जीईव्ही (हे कणांच्या ऊर्जेचं माप), मॅग्नेटचं वजन ३६ हजार टन! बीम ऐसपैस पसरायचा म्हणून त्याची वाटच प्रचंड रुंद, किरकोळ चुका तिथेच खपून जायच्या.

त्याआधीच १९५२ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन लॅबच्या कूरंट, लिव्हिंग्स्टन आणि स्नायडर यांनी स्ट्राँग फोकसिंग, म्हणजे मॅग्नेटनीच बीम घट्ट आवळून धरायची युक्ती, मांडलं होतं. (ग्रीसमधल्या ख्रिस्तोफिलोस नावाच्या इंजिनिअरला हे आधीच सुचलेलं, पेटंटचा अर्जही केलेला, पण विचारतो कोण.) बीम बारीक, मॅग्नेट छोटे, सगळे खूश, तेवढ्यात ब्रिटनमधल्या हार्वेल लॅबच्या लॉसनने दाखवून दिलं की मॅग्नेटमधल्या बारीक चुका फेरीगणिक साठतील आणि रेझोनन्स होऊन (झोक्यासारखी हालचाल वाढत जाऊन) बीम भिंतीवर आपटेल. मग युरोपच्या सर्न लॅबने आपलं डिझाईन जरा सौम्य केलं आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये त्यांचा पीएस (प्रोटॉन सिंक्रोट्रॉन) हा अ‍ॅक्सिलरेटर २४ जीईव्हीला पोचला, ६२८ मीटरची रिंग, १०० मॅग्नेट, आणि लोखंड दुब्नाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढंच. लोखंड वाचलं खरं, पण सगळा भार वर्कशॉपवर आला.

फिल्ड बदलतं राहिलं की सलग लोखंडात एडी करंट (भोवऱ्यासारखे फिरणारे नकोसे करंट) येतात, म्हणून कोअर पातळ पत्रे रचून केलेला. पत्रे एकाच डायमधून (कापायच्या साच्यातून) पंच केले की प्रोफाईल सगळ्यांचं सारखं येतं, पण डाय झिजली की बर (कडेला राहणारी धारदार कोर) येते. पत्रा रोलिंग मिलमधूनच मधे जाड आणि कडेला पातळ येतो, तसेच रचत गेलं तर गठ्ठा एका बाजूला उतरता होतो, म्हणून मधूनमधून पत्रे उलटे लावायचे. वर प्रत्येक हीटच्या (भट्टीतल्या एका घाण्याच्या) स्टीलचा चुंबकी स्वभाव वेगळा, त्यामुळे वेगवेगळ्या लॉटचे पत्रे पत्त्यांसारखे पिसून प्रत्येक मॅग्नेटमध्ये वाटायचे. मला तर सगळ्यात भारी हीच आयडिया वाटते, चूक काढता येत नाही ना, मग सगळ्यांना सारखी वाटून टाका!

सर्नच्याच १९८९ च्या लेप नावाच्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये तर फिल्ड इतकं कमी लागायचं की दीड मिमीच्या दोन पत्र्यांमध्ये ४ मिमी फट ठेवून त्यात चक्क सिमेंटचा मॉर्टर भरला.

आणि गंमत म्हणजे आता काही ठिकाणी गाडी परत सलग लोखंडावर आलीय. स्वीडनमधल्या लुंडचं मॅक्स फोर हे अ‍ॅक्सिलरेटर केंद्र, २०१६ मध्ये उद्घाटन झालेलं, तिथल्या स्टोरेज रिंगमध्ये (बीम नुसता फिरत ठेवणाऱ्या रिंगमध्ये) फिल्ड स्थिर असतं म्हणून पत्र्यांची गरजच नाही. वर-खाली असे लोखंडाचे दोन लांबलचक ठोकळे, त्यांच्यातच सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) अनेक मॅग्नेट एका ओळीत कोरलेले, टॉलरन्स साधारण २० मायक्रॉन, त्यामुळे एका ठोकळ्यातले मॅग्नेट एकमेकांशी जुळवत बसायचं कामच उरलं नाही.