मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचंय? प्रशिक्षणाची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज: सातारा-सांगलीकरांसाठी

साताऱ्यात माझी संध्याकाळची साडेसहाची बॅच असते. तिच्यात शाळकरी पोर एकही नाही. एक निवृत्त हवालदार आहेत, सिक्युरिटी सुपरवायझरच्या मुलाखतीची तयारी करतात. एमआयडीसीतला एक क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, हॉस्पिटलमधल्या दोन नर्स आहेत, आणि एक वहिनी आहेत ज्यांना मुलीच्या पालकसभेत उठून बोलायचंय. या माणसांना शिकवणं आणि पाचवीच्या वर्गाला शिकवणं यात फार फरक आहे. म्हणूनच त्याचं प्रशिक्षणही वेगळं असतं. "मॅडम, हे शिकवायला नेमका कोणता कोर्स लागतो, फॉर्म कुठं भरायचा?" असं बरेच जण विचारतात. मला ठाऊक आहे ते सगळं इथं एकदाच लिहून ठेवते.

कायद्यानं काय लागतं?

आधी एक गोंधळ दूर करू. शाळेत शिकवायला डी.एड. किंवा बी.एड. लागतं आणि पहिली ते आठवीसाठी टीईटी. सीनियर कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. पण नोकरदार, गृहिणी, कामगार अशा मोठ्या माणसांना खासगीत इंग्रजी शिकवायला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे बी.एड. नाही म्हणून कुणी मागं राहू नये. आणि बी.एड. आहे म्हणून मोठ्यांना शिकवता येईलच, असंही धरून चालू नये. केंद्राचा 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, त्यात १५ वर्षांपुढच्या निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात. ते मोलाचं काम आहे, पण ती साक्षरता आहे. इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण तिथं मिळत नाही.

परवाना लागत नाही, याचाच गैरफायदा घेतला जातो. "१२० तास टीईएफएल, घरबसल्या सर्टिफिकेट" अशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात. टीईएफएल हे एखाद्या बोर्डाच्या परीक्षेचं नाव नाही. परभाषा म्हणून इंग्रजी शिकवणं, एवढाच त्याचा अर्थ. त्या नावाचं प्रमाणपत्र कुणीही छापू शकतं. मी स्वतः असा एक कोर्स सुरुवातीला केला होता. नाव घेत नाही. अकरा दिवस पीडीएफ वाचल्या, पर्यायी प्रश्न सोडवले आणि रंगीत प्रमाणपत्र हातात आलं. पुढच्या सोमवारी बॅचसमोर उभी राहिले तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच बोलायचं संपलं.

तेव्हापासून मी प्रत्येक कोर्सला दोनच प्रश्न विचारते. खरी मोठी माणसं समोर बसवून शिकवायला लावतात का? आणि ते शिकवणं बघून, नोंदी काढून, चुका सांगणारा जाणकार माणूस मागं बसलेला असतो का? दोन्हींना 'हो' असेल तरच पैसे भरा.

सेल्टा: काय असतं आणि कुणाला मिळतं

या दोन्ही कसोट्यांना उतरणारा, जगभर ओळखला जाणारा कोर्स म्हणजे सेल्टा, मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं प्रमाणपत्र. त्याचं मूळ जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्यानं लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये १९६२ साली सुरू केलेल्या शिक्षक-प्रशिक्षणात आहे. आपलं शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षीचं. कोर्स किमान १२० तासांचा असतो. पूर्णवेळ केला तर चार ते पाच आठवडे, अर्धवेळ केला तर काही महिने. प्रत्यक्ष शिकवणं ६ तास, तेही किमान दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या प्रौढ विद्यार्थ्यांना. अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघणं ६ तास. शिवाय ७५० ते १००० शब्दांचे चार लेखी स्वाध्याय. स्वाध्याय जमला नाही तर एकदा सुधारून देता येतो. शेवटी मोठी परीक्षा नसते, सगळं मूल्यमापन चालता चालता होतं. केंब्रिजकडून आलेला बाहेरचा परीक्षकही एकदा तपासून जातो. निकाल पास, पास बी आणि पास ए असा लागतो.

पात्रता ऐकून लोक दचकतात, तसं काही नाही. वय १८ पूर्ण हवं. महाविद्यालयीन शिक्षणाला प्रवेश मिळेल इतकं शिक्षण, म्हणजे आपल्याकडे बारावी, हवं. पदवी असली तर उत्तम. शिकवण्याचा अनुभव लागत नाही. मातृभाषा इंग्रजी असण्याची अट नाही. शाळेचं माध्यम मराठी होतं की इंग्रजी, यानं पात्रता ठरत नाही. अट आहे ती इंग्रजीच्या पातळीची. भाषेच्या पातळ्या मोजणाऱ्या युरोपीय मोजपट्टीवर सी-१ची वरची बाजू किंवा सी-२, म्हणजे सगळ्यात वरच्या दोन पायऱ्या. साध्या भाषेत सांगायचं तर वर्तमानपत्रातला अग्रलेख अडखळता न वाचणं, एखाद्या विषयावर पानभर लिहिताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा न करणं, आणि अनोळखी माणसाशी अर्धा तास इंग्रजीत मोकळं बोलता येणं. तेवढी तयारी नसेल तर सहा महिने त्यासाठी द्या. ती पातळी नसताना प्रवेश मिळाला, तरी कोर्समध्ये फार हाल होतात.

आपल्याकडून सोयीचा मार्ग म्हणजे ऑनलाइन सेल्टा. त्यातही खऱ्या विद्यार्थ्यांना समोरासमोर, व्हिडिओवरून शिकवावं लागतं. प्रमाणपत्र तेच मिळतं. मान्यताप्राप्त केंद्रांची यादी केंब्रिजच्या संकेतस्थळावर आहे. केंद्र त्या यादीत नसेल तर पुढं बोलूच नका. अर्ज केंब्रिजकडे नाही, थेट केंद्राकडे करायचा असतो आणि फीसुद्धा केंद्रच ठरवतं. म्हणून तीन-चार केंद्रांना ईमेल करून फी, तारखा आणि वर्गांच्या वेळा विचारून घ्या.

अर्जातला खरा उंबरठा

फॉर्ममध्ये नाव, शिक्षण, अनुभव, 'हा कोर्स का करायचा' असं सगळं असतंच. पण अर्ज अडतो तो त्यासोबतच्या भाषाविषयक कामावर. दोन वाक्यं देतात आणि त्यांतला फरक विद्यार्थ्याला कसा समजावून सांगाल, असं विचारतात. माझा पहिला अर्ज इथंच परत आला होता. मी लिहिलं होतं, "पहिलं सिंपल पास्ट आहे, दुसरं प्रेझेंट परफेक्ट आहे." एवढंच. शाळेत याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. केंद्राचं उत्तर आलं: नाव कळलं, अर्थ कुठं आहे?

उदाहरण घेऊ. "आय लिव्ह्ड इन सातारा फॉर टेन इयर्स" आणि "आय हॅव लिव्ह्ड इन सातारा फॉर टेन इयर्स." पहिल्या वाक्यात साताऱ्यातला मुक्काम संपलाय. दुसऱ्यात माणूस अजून साताऱ्यातच आहे. हे विद्यार्थ्याला कळलं की नाही, हे तपासायला "समजलं का?" असं विचारून चालत नाही, कारण सगळे माना डोलावतात. विचारायचं, "हा माणूस आज कुठं राहतो? राहायला कधी सुरुवात झाली?" अर्जात असे तपासणीचे प्रश्न लिहिलेत तर तुमचा विचार वाचणाऱ्याला दिसतो.

मराठी माणसाला तर इथं एक वरचढ बाजू आहे. आपण म्हणतो, "मी दहा वर्षं साताऱ्यात राहतेय." म्हणून आपला विद्यार्थी इंग्रजीत "आय ॲम लिव्हिंग इन सातारा सिन्स टेन इयर्स" म्हणतो. "डोकं दुखतंय" वरून "माय हेड इज पेनिंग" येतं. मराठीत 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदं नाहीत, म्हणून तो ती गाळतो किंवा नको तिथं घालतो. चूक कुठून येते हे आपल्याला आतून ठाऊक असतं. सेल्टाच्या चार स्वाध्यायांपैकी एक तर एका विद्यार्थ्याच्या भाषेचा असाच बारकाईनं अभ्यास करण्याचा असतो. त्यामुळे मराठी माध्यमात शिकल्याचं अर्जात दडवू नका, उलट त्याचा उपयोग करा.

हे काम घरी बसून, व्याकरणाचं पुस्तक शेजारी ठेवून केलं तरी चालतं. फक्त उत्तरं दुसऱ्या कुणाकडून किंवा एखाद्या ॲपकडून लिहून घेऊ नका. मुलाखतीत त्याच उत्तरांवर बोलावं लागतं आणि एक छोटं लेखी काम केंद्र आपल्या देखरेखीखालीही करून घेतं.

कागदपत्रं

लागतात तशी थोडीच: फोटो असलेलं ओळखपत्र, बारावीचं गुणपत्रक, पदवी असेल तर पदवी प्रमाणपत्र, आणि इंग्रजीतला बायोडेटा. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा सहसा मागत नाहीत, कारण पातळी ते स्वतःच तपासतात. पण थोड्याच कागदांतही दोन ठिकाणी आपली माणसं हमखास अडकतात.

एक म्हणजे पदवी प्रमाणपत्र. बरेच जण शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक घेऊन समाधान मानतात आणि पदवीदान समारंभाचा फॉर्म भरतच नाहीत. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे. तेव्हा पदवी घ्यायची राहिली असेल तर कोल्हापूरला परीक्षा विभागाकडे अर्ज आत्ताच करा, वेळ लागतो. दहावी-बारावीचं गुणपत्रक हरवलं असेल तर दुय्यम प्रत कोल्हापूर विभागीय मंडळाकडून मिळते.

दुसरं म्हणजे नाव. आपल्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम वेगळा. बायकांचं तर लग्नानंतर आडनावही बदललेलं आणि मधलं नावही. माझी गुणपत्रकं माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचं. फॉर्म भरताना मी गुणपत्रकाचं नाव टाकलं आणि ओळखपत्र आधारचं जोडलं. ही दोन्ही नावं एकाच बाईची कशावरून, असं विचारणारी ईमेल चौथ्या दिवशी आली. विवाह नोंदणीचा दाखला जोडला तेव्हा काम पुढं सरकलं. माझं सांगणं एवढंच आहे, की फॉर्ममध्ये नाव फोटो ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षरन् अक्षर तसंच भरा, कारण प्रमाणपत्रावर तेच छापून येणार. आणि दोन नावं जोडणारा एक कागद पहिल्याच दिवशी सोबत द्या. विवाह दाखला सगळ्यात सोपा. तो नसेल, किंवा नाव इतर कारणानं बदललं असेल, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. त्याचा अर्ज शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. ते राजपत्र डाउनलोड करून दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा, आयुष्यभर लागतं.

इतर वाटा

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा सर्ट टेसॉल हा सेल्टाच्या तोडीचा कोर्स. किमान १३० तास, त्यातही ६ तास प्रत्यक्ष शिकवणं. सोयीचं केंद्र मिळालं तर निःशंक करा.

एवढा खर्च किंवा सलग वेळ जमत नसेल तर इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, इंग्रजी अध्यापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, सीटीई. पदवीधरांना प्रवेश मिळतो, कालावधी किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत, अर्ज ऑनलाइन. आपले दोन्ही जिल्हे पुणे प्रादेशिक केंद्राखाली येतात. फोटो, सही आणि प्रमाणपत्रं ठरावीक केबीच्या आत बसवून अपलोड करावी लागतात. मोबाइलवर काढलेला फोटो तसाच टाकला तर पोर्टल घेत नाही. अभ्यास पक्का होतो, पण रोख शाळेतल्या शिकवण्याकडे आहे आणि मागं बसून बघणारा कुणी नसतो. ती उणीव आपली आपण भरून काढायची. एखाद्या जाणत्या शिक्षकाच्या वर्गात महिनाभर बसा आणि नंतर त्यांना आपल्या वर्गात बोलवा.

परदेशी जायचं मनात असेल तर

प्रमाणपत्र असलं तरी व्हिसाचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. काही देश इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा ठरावीक देशांच्या नागरिकांनाच देतात. तेव्हा फी भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या पानावर पाहून घ्या. पदवीवर बऱ्याच ठिकाणी अपॉस्टिल लागतं, म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा सरकारी शिक्का. ते परराष्ट्र मंत्रालय करतं, पण त्याआधी राज्य शासनाचं साक्षांकन लागतं. शुल्क कागदामागं ५० रुपये, बाकी एजन्सीचा आकार. संयुक्त अरब अमिराती अपॉस्टिल करारात नाही, तिथं दूतावासाचं साक्षांकन वेगळं लागतं.

फी आणि मुलाखत

परदेशी केंद्राची फी कार्डानं भरणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार आधी चालू करा, नाहीतर पेमेंट अडकतं. पैसे परत मिळण्याच्या अटी लेखी मागा. कोर्समध्ये हजेरी शंभर टक्के धरतात, तेव्हा घरातलं लग्न, गावची जत्रा, कारखान्यातली शिफ्ट बघूनच तारीख निवडा.

मुलाखतीची वेळ ईमेलमध्ये लंडनच्या घड्याळानं आली, तर हिवाळ्यात तिच्यात साडेपाच तास मिळवा. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचारच. त्या दिवशी लाइट गेली तर म्हणून मोबाइल पूर्ण चार्ज ठेवा, दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून हॉटस्पॉट तपासून ठेवा, आणि अर्जातल्या भाषाकामाची प्रिंट समोर घेऊन बसा. पहिले प्रश्न त्याच्यावरूनच येतात.