काउंट कमी आला की हातात पडणाऱ्या गोळ्यांची जुनी गोष्ट

सीमेनचा रिपोर्ट येतो, शुक्राणूंचा काउंट कमी नाहीतर मोटिलिटी म्हणजे त्यांची हालचाल कमी, आणि मग कोएन्झाइम क्यू-१०, कार्निटिन, लाइकोपीन, झिंक, सेलेनियम अशी अँटीऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंपासून पेशी वाचवतात म्हणून दिलेली द्रव्यं, सगळी एकाच गोळीत कोंबलेली स्ट्रिप हातात पडते, तीन महिने घ्या मग परत टेस्ट करू. तीन महिनेच का, तर शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि बाहेर पडेपर्यंत अजून थोडे, त्यामुळे आज घेतलेल्या गोळीचा परिणाम दिसायला तेवढं थांबावंच लागतं. इथपर्यंत हिशोब बरोबर आहे. पण ही गोळी आली कुठून हे बघायला गेलं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं, आणि तेही उंदरांकडे.

१९२२ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप उंदरांना शुद्ध केलेले घटक आणि डुकराची चरबी असलं काहीबाही खायला घालून बघत होते. उंदीर वाढायचे छान, माद्यांना गर्भही राहायचा पण पोटातल्या पोटात जिरून जायचा. लेट्यूसची पानं दिली, मग गव्हाचे अंकुर दिले, तर पिल्लं व्हायला लागली. त्यातलं ते 'काहीतरी' म्हणजे व्हिटॅमिन ई. १९३६ मध्ये ते वेगळं काढलं तेव्हा नाव काय द्यायचं म्हणून ग्रीक शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विचारलं, टोकोस म्हणजे बाळंतपण आणि फेरेन म्हणजे घेऊन येणं, त्यातून झालं टोकोफेरॉल. थोडक्यात या व्हिटॅमिनचं बारसंच पाळणा डोळ्यासमोर ठेवून झालंय. नरांमध्ये वेगळाच प्रकार दिसला, ई मिळालं नाही की वृषणातल्या शुक्राणू बनवणाऱ्या पेशीच नष्ट व्हायच्या, आणि एकदा तसं झालं की नंतर कितीही ई घाला काही उपयोग नाही.

आता यात एक गोम आहे. त्या उंदरांना ई जवळजवळ मिळतच नव्हतं. आपल्या जेवणात शेंगदाणे असतात, तेल असतं, गहू असतो. नसलेलं भरून काढणं वेगळं आणि पुरेसं असताना वरून ओतणं वेगळं, हा फरक या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा हरवलाय.

माणसाच्या शुक्राणूपर्यंत गोष्ट आली १९४३ मध्ये. न्यूयॉर्कला कॉर्नेलमध्ये जॉन मॅक्लाउड यांनी शुक्राणू भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवले. आपल्याला वाटेल की जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त दम, पण झालं उलटंच, त्यांची हालचाल मंदावत गेली. आणि त्यात कॅटालेज नावाचं एन्झाइम घातलं की ते टिकायचे. कॅटालेजचं काम काय, तर हायड्रोजन पेरॉक्साइड तोडणं. म्हणजे शुक्राणू स्वतःच ते तयार करत होते आणि त्यानेच मरगळत होते. माझ्या मते या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच, पण पुढची तीसेक वर्षं त्याचं फारसं काही झालं नाही.

शुक्राणूच का सापडतो यात, तर त्याची बनावटच तशी. बाहेरचं आवरण अशा फॅटी अॅसिडनी भरलेलं की ती पटकन खवट होतात, तेलाच्या डब्याचं झाकण उघडं राहिल्यावर होतं तसंच काहीसं. आणि बाकीच्या पेशींमध्ये बचावाची एन्झाइम साठवायला जो सायटोप्लाझम म्हणजे आतला द्रव असतो तो याने हलकं व्हायच्या नादात जवळजवळ सगळा टाकून दिलेला. म्हणून तो आजूबाजूच्या द्रवावर अवलंबून, आणि त्या द्रवात क जीवनसत्त्व रक्तापेक्षा कितीतरी पटीने जास्त असतं, शरीराने सोय केलेलीच आहे. १९७९ मध्ये केंब्रिजच्या थॅडियस मान आणि सहकाऱ्यांनी हे खवट होणं माणसाच्या शुक्राणूत मोजून दाखवलं, १९८७ मध्ये एडिनबरोत जॉन एटकेन यांनी दाखवलं की ज्यांचे शुक्राणू नीट काम करत नाहीत त्यांच्यात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू जास्त तयार होतात. तिथून या विषयाने वेग घेतला.

वेळही अशी होती की बाहेर वातावरण तापलेलंच होतं. डेनम हार्मन यांनी १९५६ मध्येच म्हातारपणाचं खापर फ्री रॅडिकलवर, म्हणजे अशाच उपद्रवी रेणूंवर, फोडलं होतं, १९७० मध्ये लायनस पॉलिंग यांनी सर्दीवर क जीवनसत्त्वाचा प्रचार केला, दोन नोबेलवाला माणूस म्हटल्यावर लोक ऐकणारच. दुकानात गोळ्या तयार, लॅबमध्ये थिअरी तयार, आणि रिपोर्ट खराब आलेल्या पुरुषाला द्यायला डॉक्टरकडे दुसरं फारसं काही नाही. (तोवर मूल होत नाही म्हटलं की सगळ्या तपासण्या बाईच्याच, हा वेगळा विषय, पण पुरुषांच्या औषधांचं कपाट रिकामं राहिलं त्यात याचाही हात आहे असं मला वाटतं.)

मग छोट्या छोट्या ट्रायल सुरू झाल्या. कुणाचा निकाल छान, कुणाचा शून्य. जर्मनीत १९९९ मध्ये सी आणि ई चा मोठा डोस देऊन काही फरक पडला नाही. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या एका ट्रायलमध्ये फॉलिक अॅसिड आणि झिंक एकत्र दिल्यावर वंध्यत्व असलेल्या पुरुषांमध्ये नॉर्मल शुक्राणूंची संख्या ७४ टक्क्यांनी वाढली, हा आकडा मग जिकडेतिकडे फिरला. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधून लाइकोपीनचा अभ्यास आला, ३० पुरुष, तीन महिने, २० जणांचा काउंट सुधारला. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, आणि काउंट आपोआपही वर-खाली होतो, एकाच माणसाचे दोन रिपोर्ट जुळत नाहीत हे लॅबवाला पण सांगेल. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच त्याला प्राथमिक म्हटलं होतं, म्हणजे दोष त्यांचा नाही, तो पुढे वापरला कसा गेला त्याचा आहे.

२०११ मध्ये कोक्रेनने, म्हणजे ठिकठिकाणच्या ट्रायल एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, ३४ ट्रायल एकत्र करून सांगितलं की मूल होण्याची शक्यता वाढलेली दिसते. हेडलाइन झाली. पण हे गणित उभं होतं तीन ट्रायलवर, २१४ जोडपी आणि २० बाळं, एवढंच. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ट्रायल वाढत जाऊन ९० झाल्या तरी पुरावा फार कच्चा आहे हे वाक्य काही गेलं नाही.

खरा दणका २०२० चा. अमेरिकेत २,३७० पुरुषांना सहा महिने फॉलिक अॅसिड आणि झिंक किंवा डमी म्हणजे औषध नसलेली गोळी, आणि बाळं किती झाली तर औषधवाल्यांत ३४ टक्के आणि डमीवाल्यांत ३५ टक्के. काउंटही सुधारला नाही, उलट शुक्राणूंतला डीएनए तुटण्याचं प्रमाण औषधाच्या गटात थोडं जास्तच, पोटाच्या तक्रारीही जास्त. त्याच वर्षी मॉक्सी नावाची ट्रायल आली, त्यात सी, ई, सेलेनियम, कार्निटिन, झिंक, फॉलिक अॅसिड, लाइकोपीन असं अगदी आपल्या स्ट्रिपसारखंच मिश्रण होतं, १७४ जोडपी, आणि जिवंत बाळं १५ टक्के विरुद्ध डमीवाल्यांत २४ टक्के. फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा तर कुठे दिसला नाही.

असं का होत असावं याचा एक धागा माँट्रियलच्या लॅबमधून नव्वदच्या दशकातच आला होता. शुक्राणूला अंड्यात शिरायची तयारी करताना थोडे हेच उपद्रवी रेणू लागतात, सगळे पुसून टाकले की ती तयारीच अडते. त्यामुळे कुणाच्या शरीरात खरंच हे रेणू जास्त झालेत का हे न बघता सरसकट गोळी देणं म्हणजे तिखट जास्त झालंय का न चाखताच भाजीत गूळ ढकलणं. आणि मोठ्या डोसचं ई अगदी बिनधोक असतं असंही नाही, सिलेक्ट नावाच्या ३५ हजार पुरुषांच्या ट्रायलमध्ये रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला.

तरी विक्री चालूच आहे, कारण आपल्याकडे यातल्या बऱ्याच गोळ्या औषध म्हणून नाही तर न्यूट्रास्युटिकल म्हणजे खाद्य म्हणून विकल्या जातात, त्यांना एफएसएसएआयचे, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, नियम लागतात आणि औषधासारखी ट्रायल दाखवावी लागत नाही. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा, औषधी वापरासाठी नाही असं इंग्रजीत छापलेलं असतं, आणि तीच गोळी प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेली असते.