वापरलेली मॅक्सी स्कूटर: मीटरचा आकडा आणि खान्देशचा उन्हाळा

‘फर्स्ट ओनर, २०२१ मॉडेल, फक्त नऊ हजार चाललेली.’ जळगाव-धुळ्याकडे जुनी मॅक्सी स्कूटर, म्हणजे रुंद, ऐसपैस बांध्याची स्कूटर, शोधणाऱ्याच्या नजरेत अशी जाहिरात लगेच भरते. सुझुकी बर्गमन स्ट्रीट भारतात २०१८ मध्ये आली, यामाहा एरॉक्स १५५ सप्टेंबर २०२१ मध्ये. म्हणजे या जातीच्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जायच्या वयात आल्या आहेत. घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हे मॉडेल भरवशाचं आहे का?’ मला वाटतं, प्रश्न जरा खोलात जाऊन विचारायला हवा. समोर उभ्या असलेल्या गाडीतला कोणता भाग किलोमीटरने झिजतो, कोणता नुसत्या वर्षांनी, आणि आपला उन्हाळा त्यात किती भर घालतो?

सुरुवात पट्ट्यापासून करू, कारण या गाड्यांचा जीव तिथे आहे. स्कूटरमध्ये गिअर बदलायचे नसतात. ते काम व्हेरिएटर करतो. इंजिनाच्या शाफ्टवर शंकूच्या उताराच्या दोन चकत्यांची पुली, तशीच दुसरी मागच्या चाकाकडे, आणि दोन्हींवरून फिरणारा दातेरी रबरी पट्टा. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात, चकत्या जवळ येतात, पट्टा पुलीच्या काठाकडे चढतो आणि गाडी पळू लागते. चाकाकडे जाणारी सगळी ताकद पट्ट्याच्या दोन कडांच्या पकडीवर अवलंबून असते. एरॉक्सचं इंजिन १५ पीएस, म्हणजे सुमारे ११ किलोवॅट ताकद देतं. पूर्ण थ्रॉटलला त्यातली दहा टक्के जरी पट्ट्याच्या घसटीत आणि वाकण्यात गेली, तरी ११०० वॅट झाले. पट्टा-पुली ज्या बंद डब्यात असतात त्यात कपड्यांची इस्त्री चालू ठेवावी, इतकी ही उष्णता आहे.

डबा थंड राहावा म्हणून पुलीवरच पंख्याची पाती असतात. बऱ्याच गाड्यांत ती बाहेरची हवा स्पंजच्या फिल्टरमधून आत ओढतात. आता मे महिन्यातली भुसावळ-यावलकडची दुपार धरा: हवा ४५ अंशांच्या आसपास, आणि स्पंज काळ्या मातीच्या धुळीने बुजलेला. रबर जुनं होणं ही रासायनिक क्रिया आहे, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला जुना ठोकताळा. तो काटेकोर नियम नव्हे. पण पुण्यात चाललेल्या आणि भुसावळात चाललेल्या गाडीचा पट्टा एकाच किलोमीटरला सारखाच उरला असेल, हे गृहीत धरता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

पट्टा साधारण २० ते २५ हजार किलोमीटरला बदलतात. तो बघायला डाव्या बाजूचं कव्हर उघडावं लागतं. ओळखीच्या मिस्तरीला चहा पाजून, त्याच्या वेळेचे पैसे देऊन हे करून घ्याच. दातांच्या खाचेत भेगा आहेत का, कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत का ते बघावं, आणि व्हर्निअरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीने, पट्ट्याची रुंदी मोजावी. रुंदी का? पट्टा अरुंद झाला की चकत्या पूर्ण जवळ आल्या तरी तो काठापर्यंत पोहोचत नाही, थोडा आतच फिरतो. मग तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतात. इंजिन ओरडतंय आणि काटा त्या मानाने चढत नाही, असं वाटलं तर कारण बहुधा इथे असतं. चाळीसगावच्या बाजूला राहत असाल आणि मालक तयार असेल, तर डबलसीट कन्नड घाट चढून बघा. सपाट रस्त्यावर लपलेली पट्ट्याची नि क्लचची कमजोरी चढावर लपत नाही.

एका गोष्टीला मात्र उगाच घाबरू नये. गाडी सुटताना, १५-२० च्या वेगाला जाणवणारी थरथर ही मॅक्सी स्कूटरबद्दलची नेहमीची तक्रार आहे. बहुतेक वेळा क्लचच्या बेलमध्ये (बाहेरच्या वाटीत) धूळ बसलेली असते किंवा त्या वाटीला आतून धरणारे शूज गुळगुळीत झालेले असतात. साफसफाई नि थोडं घासकाम करून ती जाते. त्रासदायक बिघाड आणि महागडा बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महागडा बिघाड कूलिंगमध्ये होतो. बर्गमन स्ट्रीट हवेवर थंड होते. एरॉक्समध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि तो द्रव गार करणारा रेडिएटर आहे, तोही समोर नसून इंजिनाच्या उजव्या बाजूला. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आणि जानेवारीतली हवा २० अंश असेल तर फरक ७५. मे महिन्यात हवा ४५ झाली की फरक ५० उरतो. त्याच रेडिएटरची क्षमता एक तृतीयांशाने घटली. कंपनी डिझाइन करताना यासाठी जागा ठेवते, पण ती जागा उन्हाळ्यातच खर्च होऊन बसते. त्यात जाळीत चिखल वाळलेला असला, किंवा आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलेलं असलं, तर हाताशी काही उरत नाही. कठीण पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट भांड्याला धरतो तसाच रेडिएटरच्या आतल्या नळ्यांनाही धरतो, आणि ॲल्युमिनियमच्या मानाने त्या थरातून उष्णता फारच हळू जाते. इंजिन गार असताना रिझर्व्ह टाकीतला द्रव बघा. तो कंपनीच्या रंगाचा आणि स्वच्छ हवा. तांबूस, गढूळ किंवा पाण्यासारखा बिनरंगी दिसला तर गाडी स्वस्त असली तरी मी पुढे जाणार नाही.

आता त्या नऊ हजार किलोमीटरकडे या. चार वर्षांत नऊ हजार म्हणजे दिवसाला सहा किलोमीटर. अशा मालकाला अहिराणीत सरळ विचारावं, ‘गाडी चालनी कमी, का उभी जास्त ऱ्हायनी?’ उभी गाडी झिजत नाही हा मोठा गैरसमज आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. म्हणूनच ते दर दोन वर्षांनी बदलतात, गाडी चालो न चालो. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेही पाणी ओढतं. अर्धी टाकी घेऊन पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत आणि इंजेक्टरमध्ये त्याचे परिणाम दिसू शकतात. बॅटरी पडून पडून सल्फेट धरते. टायरचं रबर कडक होतं.

टायर तर साक्षीदारच आहे. त्याच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. गाडी २०२१ ची, मीटर नऊ हजार सांगतंय आणि मागचा टायर २०२४ चा निघाला, तर मूळ टायर इतक्या लवकर का बदलला हे विचारायला हवं. उत्तर पटण्याजोगं असू शकतं. नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींत दर वेळी लिहिलेले किलोमीटर मागा. डिजिटल मीटरही मागे नेता येतं.

मॉडेलच्या बदनामीचं काय? तक्रारी ऐकताना अंश दिसतो, छेद दिसत नाही. दहा जण बोंब मारताहेत हे कळतं. पण ते शंभरातले दहा की लाखातले, हे कळत नाही, आणि ज्याची गाडी बिनबोभाट चालते तो बोलायला येत नाही. उलट नवं मॉडेल निष्कलंक वाटतं, कारण त्याचे पट्टे, सील, बेअरिंग झिजण्याइतकी वर्षंच झालेली नसतात. यंत्रांत बिघाडाचं प्रमाण सुरुवातीला जास्त, मध्ये कमी आणि शेवटी पुन्हा जास्त असतं. त्यामुळे नीट देखभाल झालेली पंधरा हजारांची गाडी ही अनेकदा बरी निवड असते: कारखान्यातले दोष तोवर बाहेर आलेले असतात आणि झीज अजून लांब असते.

कारखान्यातला दोष कसा असतो, याचं चांगलं उदाहरण जुलै २०२४ मधलं आहे. सुझुकीने भारतात ॲक्सेस, ॲव्हेनिस आणि बर्गमन स्ट्रीट मिळून सुमारे ३ लाख ८८ हजार स्कूटर परत बोलावल्या. इग्निशन कॉइलची हाय-टेन्शन वायर (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज नेणारी) वारंवार वाकून तडकू शकत होती, त्यामुळे गाडी बंद पडण्याचा धोका होता. पण हा प्रश्न ३० एप्रिल ते ३ डिसेंबर २०२२ या काळात बनलेल्या गाड्यांचा होता. अशा वेळी अख्ख्या मॉडेलवर फुली मारण्यात अर्थ नसतो. चासी नंबर घेऊन कंपनीकडे विचारा, भाग बदलून झाला आहे का.

सुरतहून आलेली गाडी असेल तर जास्त काळजी घ्या. निम्म्या खान्देशचे नातेवाईक तिकडे, त्यामुळे अशा गाड्या भरपूर येतात. तिथली हवा दमट नि खारी. सीटखालच्या वायरिंगचे कनेक्टर सोडवून आत हिरवट क्षार दिसतो का ते बघा. शिवाय एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र) आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स यांचा खर्च किमतीत धरा.

आणि शेवटचा हिशेब सुट्या भागांचा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अभियंते भरवसा आणि उपलब्धता वेगवेगळी मोजतात. वर्षातून दोनदा बिघडून प्रत्येक वेळी एका दिवसात सुधारणारी गाडी ३६३ दिवस हाताशी असते. वर्षात एकदाच बिघडून भागासाठी महिनाभर थांबणारी ३३५ दिवस. पुण्या-मुंबईत जी गाडी उत्तम ठरते, तीच शहादा किंवा रावेरला अडचणीची ठरू शकते. बयाणा देण्याआधी जळगाव किंवा धुळ्याच्या स्पेअर्सच्या काउंटरवर जाऊन पट्टा, रोलर सेट, ब्रेक पॅड, आणि रेडिएटरवाली गाडी असेल तर वॉटर पंपाचं सील, यांची किंमत विचारा आणि भाग कपाटात आहे की मागवावा लागेल, हेही विचारा.