युरोपात टॅक्सबद्दल तक्रार करायचीय? पिटिशन टाकायच्या आधी दार कुठलं ठोठवायचं ते बघा

बजेट आलं की आमच्या डब्लिनच्या मराठी ग्रुपवर दरवर्षी तेच. कुणीतरी चिडून लिहितं की न विकलेल्या ईटीएफवर (शेअर बाजारात विकत मिणाऱ्या फंडावर) दर 8 वर्षांनी टॅक्स म्हणजे काय चेष्टा लावलीय का, मग दुसरा म्हणतो चला सरळ युरोपियन पार्लमेंटला पिटिशन टाकू, पाचपंचवीस जण "मी पण" करतात, आणि काही महिन्यांनी एक अतिशय सभ्य पत्र येतं की आपला विषय युरोपियन युनियनच्या कार्यक्षेत्रात येत नाही, धन्यवाद. परत पुढच्या बजेटला नवे लोक, नवी पिटिशन, पत्र मात्र तेच.

म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

पहिलं म्हणजे हक्क आहे का? आहे. युरोपियन युनियनच्या कामकाजाच्या कराराचं 227 वं कलम सांगतं की युनियनचा नागरिक किंवा युनियनच्या कुठल्याही देशात राहणारा माणूस, एकटा किंवा मिळून, पिटिशन करू शकतो. राहणारा! म्हणजे भारतीय पासपोर्ट असला, आयर्लंडचा स्टॅम्प 1 असला किंवा जर्मनीचं ब्लू कार्ड असलं (दोन्ही तिथे राहून काम करायचे परवाने) तरी चालतं. फी नाही, वकील लागत नाही, सह्यांची किमान संख्या नाही. अर्ज पोर्टलवर भरायचा नाहीतर ब्रुसेल्सला पोस्टाने पाठवायचा. ईमेलने पाठवला तर तो धरतच नाहीत, हे साइटवर लिहिलेलं असतं आणि तरी लोक ईमेल करतात. भाषा युनियनच्या 24 अधिकृत भाषांपैकी एक. आयरिश चालते, मराठी नाही.

आता आपल्या लोकांची हमखास चूक. फॉर्मवर कायमचा पत्ता विचारतात, आणि भारतात आयुष्यभर फॉर्म भरून आपल्याला सवय लागलीय की "परमनंट ॲड्रेस" म्हणजे आईवडिलांचं घर. एका मित्राने झोपेत असल्यासारखा साताऱ्याचा पत्ता टाकला. अरे बाबा, तू नागरिक नाहीस, तुझा हक्कच मुळी तू युरोपात राहतोस यावर उभा आहे आणि तू स्वतःच लिहून देतोयस की मी साताऱ्याला राहतो! इथला पत्ता टाका, भाड्याचा असला तरी.

दुसरं, विषयाचा तुमच्यावर थेट परिणाम झालेला हवा. "सरकार मध्यमवर्गाला पिळतंय" ही पिटिशन नाही, ते भाषण आहे. तुमचं काय झालं, कधी झालं, युनियनच्या कुठल्या नियमाला धक्का लागतो, एवढंच दीड पानात लिहा. आणि पिटिशनचा सारांश नावासकट इंटरनेटवर येऊ शकतो, नाव लपवायचं असेल तर तसा पर्याय भरतानाच निवडा, नंतर धावपळ करू नका. पगाराची स्लिप आणि पीपीएस नंबर (आयर्लंडचा आपल्या आधारसारखा ओळख नंबर) कृपा करून जोडू नका, कुणीही मागितलेला नाहीये.

पण सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते वेगळ्याच कारणाने. टॅक्स हा बहुतेक देशांनी स्वतःच्या मुठीत ठेवलेला विषय आहे. युनियनला टॅक्सचा कायदा करायचा तर 27 च्या 27 सरकारं हो म्हणावी लागतात, एकाने नाही म्हटलं की संपलं. व्हॅटचंच बघा, युनियनने एवढंच ठरवलंय की स्टँडर्ड दर 15 टक्क्यांच्या खाली नको, त्यामुळे हंगेरी 27 घेते, लक्झेंबर्ग 17 घेतं आणि दोघंही कायद्यातच आहेत. तेव्हा "आमच्याकडे 23 टक्के का" याला ब्रुसेल्समध्ये उत्तर नाही, आणि ईटीएफच्या 8 वर्षांच्या नियमाला तर अजिबातच नाही, तो डब्लिनमध्ये बनलाय.

मग पिटिशन चालते कुठे? जिथे तुम्ही एका देशातून दुसऱ्या देशात गेलात आणि त्यामुळे तुम्हाला वेगळं वागवलं. गाडीचं उदाहरण घ्या. दुसऱ्या सदस्य देशातून भाड्याने घेतलेली गाडी थोडे दिवसच वापरायची असली तरी आयर्लंड रजिस्ट्रेशन टॅक्स पूर्ण आधीच भरायला लावायचं, 2017 ला युरोपियन कोर्टाने सांगितलं की हे चुकीचं आहे. असा धागा असेल तर पिटिशन टाका, पार्लमेंटची पिटिशन समिती युरोपियन कमिशनकडे (युनियनचं कार्यकारी मंडळ) विचारणा करते. पण लक्षात घ्या, पार्लमेंट काही तुमची असेसमेंट (टॅक्स खात्याने ठरवलेली टॅक्सची रक्कम) रद्द करून देत नाही.

आणि इथेच लोकांचं खरं नुकसान होतं, म्हणून जरा ओरडूनच सांगतो. पिटिशनला मुदत नाही, पण पिटिशन टाकल्याने बाकीच्या मुदती थांबतही नाहीत! आयर्लंडमध्ये असेसमेंटविरुद्ध टॅक्स अपील्स कमिशनकडे जायला 30 दिवस असतात, जर्मनीत हरकत घ्यायला एक महिना. ब्रुसेल्सच्या उत्तराची वाट बघत बसलात तर हातातलं अपील जातं. आधी अपील, मग पिटिशन.

लोक आणखी एक गोष्ट यात मिसळतात, युरोपियन सिटिझन्स इनिशिएटिव्ह, म्हणजे युरोपियन कमिशनकडे कायदा मागणारी नागरिकांची सह्यांची मोहीम. ते वेगळं. तिथे किमान 7 देशांतून मिळून 10 लाख सह्या 12 महिन्यांत लागतात, आणि सही फक्त नागरिकाची. श्रीमंतांवर टॅक्स लावा म्हणून 2023 च्या ऑक्टोबरपासून वर्षभर अशी मोहीम चालली, 10 लाख काही झाले नाहीत. आपल्यातले भारतीय पासपोर्टवाले इथे बाद. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेली गोंयकार मंडळी मात्र सही करू शकतात, अगदी इंग्लंडात स्विंडनला राहत असली तरी.

तर मग ईटीएफवाल्यांनी जायचं कुठे? विरोधी पक्षाच्या टीडीकडे. टीडी म्हणजे इथला खासदार. आपल्याला डॉलच्या (आयर्लंडच्या संसदेच्या खालच्या सभागृहाच्या) निवडणुकीत मत नाही, त्यामुळे आपण समजतो की कोण विचारतंय, पण टीडी त्यांच्या मतदारसंघात राहणाऱ्याचं काम बघतात आणि प्रत्येक मतदारसंघात 3 ते 5 टीडी असतात, त्यात बहुतेक वेळा एखादा तरी विरोधी बाकावरचा सापडतोच. सामान्य माणूस मंत्र्याला संसदेत प्रश्न विचारू शकत नाही, टीडी लेखी प्रश्न टाकू शकतो, उत्तर काही दिवसांत येतं आणि सगळ्यांना वाचता येतं.

मी एका शनिवारी एका टीडीच्या क्लिनिकला (म्हणजे लोकांना भेटायच्या बैठकीला) गेलो होतो, बाहेर पाऊस, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, माझ्या हातात 11 पानं. टीडीच्या मदतनीस बाईंनी पानं न उघडताच विचारलं, तुमचा एक प्रश्न काय? मी पाच मिनिटं बोललो. त्यांनी पेन्सिलने दोन ओळी लिहिल्या: या नियमातून गेल्या पाच वर्षांत दरवर्षी किती महसूल आला आणि तो बदलायचा विचार आहे का. बास. असा प्रश्न टिकतो, कारण ते अर्थमंत्र्याचं काम आहे. "माझा रिफंड का अडकला" विचारलंत तर उत्तर येणार की रेव्हेन्यू (इथलं टॅक्स खातं) स्वतंत्र आहे आणि एकेकट्या करदात्याबद्दल मंत्री बोलत नाहीत.

विरोधकांकडून किती अपेक्षा ठेवायची हेही सांगतो. 2016 ला युरोपियन कमिशन म्हणालं ॲपलकडून 13 अब्ज युरो टॅक्स वसूल करा, आणि आयर्लंड सरकार म्हणालं आम्हाला नकोत (हो, खरंच!) आणि अपिलात गेलं. शिन फेन या विरोधी पक्षाने विरोध केला, मतदानात हरले. 2024 च्या सप्टेंबरमध्ये कोर्टाचा शेवटचा निकाल आला, तो सरकारच्या विरुद्ध. फायनान्स बिलातही (बजेटमधले टॅक्स कायद्यात आणणारं विधेयक) तसंच, विरोधक नवा टॅक्स लावणारी दुरुस्ती आणूच शकत नाहीत, म्हणून ते "मंत्र्यांनी याबद्दल अहवाल द्यावा" अशी दुरुस्ती सुचवतात. वाचताना फालतू वाटतं, पण त्या निमित्ताने मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

वेळ मात्र चुकवू नका. बजेट ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतं आणि डॉल जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टीवर. म्हणजे टीडीला गाठायचं तर मे-जूनमध्ये, बजेटच्या रात्री ग्रुपवर नाही. उत्तर आलं की त्याचा नंबर जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच नंबर देऊन दुसरा प्रश्न टाकायला सांगता येतो.