रात्रभर जे बदलतं, ते आधी आवरा

संध्याकाळी घर आवरायला घेतलं की हात आधी डोळ्यांना खुपणाऱ्या गोष्टींकडे जातो: सोफ्यावरचे कपडे, टेबलावरचे कागद, जमिनीवरची खेळणी. त्यात अर्धा तास जातो, अंगातलं त्राण संपतं आणि सिंकमधली भांडी सकाळवर ढकलली जातात. हा क्रम उलटा आहे. सोफ्यावरचा शर्ट आठ तासांनीही जसाच्या तसा असतो. ओली घासणी, खरकटं पातेलं आणि शेगडीभोवतीचं तेल मात्र रात्रभरात बदलतं, आणि ते बदलल्यावर त्याच कामाला दुप्पट कष्ट पडतात. म्हणून क्रम ठरवताना प्रत्येक वस्तूबद्दल एकच विचारावं: ही रात्रभर अशीच राहिली तर तिचं काय होईल?

सुरुवात खरकट्या भांड्यांपासून. भात, बटाटा किंवा पीठ शिजताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांतले लांब रेणू मोकळे होतात. हा थर ओला असेपर्यंत बोटानेही निघतो. वाळताना मात्र रेणू एकमेकांजवळ सरकतात, हायड्रोजन बंधांनी बांधले जातात आणि भांड्यालाही घट्ट धरतात. सकाळी घासून निघत नाही तो हाच थर. जेवण झाल्याबरोबर भांड्यात खरकटं बुडेल एवढं साधं पाणी घालून १० ते १५ मिनिटं ठेवलं की पुरतं. तेवढ्या वेळात बाकीचं आवरून होतं. भिजवून रात्रभर ठेवणं हा मात्र उपाय नव्हे, कारण अन्नकण मिसळलेलं कोमट पाणी जिवाणूंना फार मानवतं.

अंडं आणि दूध यांचा नियम वेगळा. त्यांतली प्रथिनं साधारण ६० ते ७० अंशांच्या पुढे गोठतात, त्यामुळे अशा भांड्यात उकळतं पाणी ओतलं तर उरलेला थर तिथेच शिजून चिकटतो. आधी गार पाण्याने विसळावं, मग कोमट पाणी आणि साबण. तेलकट भांडं आधी कागदाने पुसून घ्यावं. पाइपमध्ये जाऊन थिजणारी चरबी तिथेच कमी होते आणि साबणही कमी लागतो.

भिजत घालू नयेत अशाही वस्तू आहेत. लोखंडी तव्याला काही तासांत गंज धरतो. लाकडी चमचे आणि पाट पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना तडकतात. स्टीलच्या भांड्यात खारट पदार्थ रात्रभर राहिला तर मिठातले क्लोराइड आयन पृष्ठभागावरचा संरक्षक थर भेदतात आणि बारीक खड्डे पडतात. ते पुन्हा कशानेही भरत नाहीत. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात तळ झाकेल एवढं पाणी आणि एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून १० मिनिटं मंद उकळावं. ॲल्युमिनियमला हा उपाय करू नये, सोड्याने ते काळं पडतं.

उरलेलं अन्न शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात आणि मोठ्या पातेल्याचा मध्यभाग या पट्ट्यात कित्येक तास अडकून राहतो. अन्नाचा थर ५ सेंटिमीटरपेक्षा जाड होणार नाही अशा उथळ डब्यांत काढलं तर ते लवकर निवतं.

शेगडीभोवतीच्या तेलाची गोष्ट रसायनशास्त्राची आहे. तेलातली असंतृप्त मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात, त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचा चिकट, पिवळसर थर होतो. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. त्याच संध्याकाळी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब यांनी जे एका फटक्यात निघतं, ते काही आठवड्यांनी खरवडावं लागतं.

आता घासणी आणि फडकी. घरातली सर्वात दुर्लक्षित वस्तू हीच, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. जर्मनीतल्या संशोधकांनी वापरातले स्वयंपाकघरातले स्पंज तपासून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ५० अब्ज जिवाणू आढळले. त्यांतला एक ठळक जिवाणू मोराक्सेला ऑस्लोएन्सिस, न वाळलेल्या कपड्यांना कुबट वास आणणारा. आणखी महत्त्वाचं म्हणजे नियमितपणे निर्जंतुक केलेल्या स्पंजांत जिवाणू कमी आढळले नाहीत. ओलावा आणि अन्नकण शिल्लक असले की उरलेले जिवाणू पुन्हा जागा भरून काढतात. म्हणून रोज रात्री घासणी वाहत्या पाण्यात दाबून अन्नकण काढावेत, घट्ट पिळावी आणि चहूबाजूंनी हवा लागेल अशी उभी ठेवावी. साबणाच्या वाटीत पडून राहिलेली घासणी कधीच वाळत नाही. स्पंज आठवड्याने बदलावा. फडकं ६० अंशांच्या पाण्यात धुवावं किंवा १० मिनिटं उकळावं, आणि पसरून वाळत घालावं. घडी करून अडकवलेलं फडकं आतून ओलंच राहतं.

सिंक आणि ओटा धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसणं हे शेवटचं काम बरेच जण सोडून देतात. झुरळं निशाचर असतात आणि त्यांना अन्नाइतकंच, खरं तर अन्नाहूनही जास्त, पाणी लागतं. घरात नेहमी दिसणारं लहान तपकिरी झुरळ अन्नाशिवाय कित्येक आठवडे काढतं, पण पाण्याशिवाय साधारण दोन आठवडेच. गळका नळ आणि ओलं सिंक ही त्यांची रात्रीची पाणपोई असते. कचऱ्याचा डबा झाकलेला हवा आणि त्यातला ओला कचरा त्याच रात्री घराबाहेर गेलेला बरा.

न्हाणीघराला दोन मिनिटं पुरतात. भिंतीवरचं आणि फरशीवरचं पाणी रबरी पट्टीने ओढून टाकावं आणि एक्झॉस्ट पंखा २० ते ३० मिनिटं चालू ठेवावा. ओलावा २४ ते ४८ तास टिकला की बुरशीला जम बसवता येतो. शिवाय जड पाणी जागेवरच वाळलं तर त्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे डाग पडतात. डाग काढण्याचं आम्लयुक्त द्रावण आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनिया आणि ब्लीचचंही तसंच, त्यातून क्लोरामाइनची विषारी वाफ निघते.

झोपण्याच्या खोलीत रात्री कोरडा केर काढणं मात्र टाळावं. झाडूने उडालेल्या धुळीतले १० मायक्रोमीटरचे कण स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून साधारण ८ मिनिटांत खाली बसतात. अडीच मायक्रोमीटरच्या कणांना दोन तासांहून अधिक वेळ लागतो आणि एक मायक्रोमीटरचे कण बारा-बारा तास तरंगत राहतात. म्हणजे झोपताना तीच धूळ श्वासात जाते. ओलसर फडक्याने वरून खाली पुसावं, फरशी शेवटी. झाडायचंच असेल तर ते संध्याकाळी लवकर उरकावं.

एवढं झाल्यावर मग पसारा. एक टोपली घ्यावी, एका खोलीतून सुरुवात करून जागेबाहेरच्या सगळ्या वस्तू तिच्यात टाकाव्यात आणि टोपली घेऊन खोल्या एकदाच फिराव्यात. एकेक वस्तू उचलून तिच्या जागी नेण्यात फेऱ्याच जास्त होतात. टोपलीत रोज त्याच दोन-चार वस्तू उरत असतील तर त्यांना घरात ठरलेली जागाच नाही असं समजावं. अशा वस्तूची जागा ती वापरतात तिथून हाताच्या अंतरावर करावी. थकलेल्या वेळी 'हे कुठे ठेवू' याचा विचार करायला लागला की काम तिथेच अडतं. टोपली भरलेली ठेवून झोपू नये, नाहीतर आठवड्यात तीच नवा पसारा होते.

सवय लागण्यासाठी घड्याळापेक्षा प्रसंग जास्त उपयोगी. 'रोज नऊला आवरेन' यापेक्षा 'जेवणाचं शेवटचं ताट उचललं की भांडी भिजत घालेन' हा निश्चय अधिक टिकतो. कोणत्या प्रसंगी काय करायचं हे आधीच जोडून ठेवण्याचा हा परिणाम मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला. कृती आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. साधी कृती लवकर अंगवळणी पडते, म्हणून पहिले काही आठवडे फक्त भांडी, घासणी आणि ओटा एवढंच धरावं. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. पाहुणे आले, उशीर झाला, तर ओलं तेवढं कोरडं करून झोपावं. कपड्यांच्या घड्या उद्या केल्या तरी चालतात.