गेम सर्व्हर इम्युलेटर : नवशिक्यांसाठी उभारणी

ऑनलाइन गेमच्या कंपनीकडचा सर्व्हर जसा वागतो तसाच वागणारा, पण स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम म्हणजे गेम सर्व्हर इम्युलेटर. खेळाडूच्या पीसीवरचा गेम, म्हणजे क्लायंट, मूळचाच राहतो. तो ज्याच्याशी बोलतो ती पलीकडची बाजू तेवढी बदलते. जुन्या कन्सोलचे खेळ चालवणारे इम्युलेटर यंत्राची नक्कल करतात, इथे नक्कल होते ती संभाषणाची. माइनक्राफ्टचा किंवा काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर कंपनी स्वतःच देते, त्यामुळे तो या नोंदीत बसत नाही. मात्र नागपूरच्या इंजिनिअरिंग होस्टेलांत अनेकांचा हात पहिल्यांदा बसतो तो त्यावरच.

पार्श्वभूमी : ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) आल्यानंतर हौशी प्रोग्रामरांनी क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात धावणारी पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, टिपून त्यांचा अर्थ लावायला सुरुवात केली. त्यातून पुढे रनयूओसारखे प्रकल्प निघाले. ‘एव्हरक्वेस्ट’साठी (१९९९) ईक्यूइम्यू आला, ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’साठी ईअथेना आणि त्याचे वारस आरअथेना व हर्क्युलीस, तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’साठी (२००४) मँगोस, ट्रिनिटीकोर आणि त्याच वंशातला अझरोथकोर. रॅग्नारॉक काही वर्षे भारतातही अधिकृतपणे चालला होता. सायबर कॅफेत वाढलेली पिढी आज आरअथेनाकडे वळते ती बहुधा त्याच ओढीने. ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’ डिसेंबर २०११ मध्ये बंद झाला. असे बंद पडलेले खेळ पुन्हा खेळता येण्याचा इम्युलेटरखेरीज दुसरा मार्ग सहसा उरत नाही.

रचना : बहुतेक इम्युलेटरांत तीन थर असतात. नाव-पासवर्ड तपासणारा लॉगिन सर्व्हर, प्रत्यक्ष खेळाचे जग चालवणारा सर्व्हर आणि खेळाडू, वस्तू, राक्षस यांची नोंद ठेवणारा डेटाबेस. प्रत्येक थर आपापल्या पोर्टवर, म्हणजे पीसीच्या क्रमांक दिलेल्या दारावर, ऐकत बसतो. अझरोथकोरमध्ये लॉगिनचा पोर्ट ३७२४, जगाचा ८०८५ आणि मायएसक्यूएल या डेटाबेसचा ३३०६ असतो. आरअथेनामध्ये लॉगिन, कॅरेक्टर आणि मॅप असे तीन सर्व्हर अनुक्रमे ६९००, ६१२१ आणि ५१२१ या पोर्टांवर बसतात. नवशिक्याने आधी हे आकडे एका कागदावर लिहून घ्यावेत. पुढचे निम्मे गोंधळ या कागदाकडे पाहूनच सुटतात.

क्लायंटची आवृत्ती नेमकी जुळावी लागते. अझरोथकोर वॉरक्राफ्टच्या ३.३.५ए, म्हणजे बिल्ड १२३४०, या क्लायंटशीच बोलतो. आरअथेनात क्लायंटची तारीख ‘पॅकेटव्हर’ या मूल्यात देऊन सर्व्हर पुन्हा कंपाइल करावा (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवावा) लागतो, आणि पहिल्या दिवशी वैतागून सोडून देणारे बहुधा इथेच सोडतात.

सोपे करण्याचे मार्ग : सर्वांत झटपट दिसतो तो रिपॅक. कोणीतरी आधीच बांधून ठेवलेले गाठोडे उतरवायचे, दोन फायली डबल-क्लिक करायच्या, झाले. अडचण अशी की आत काय आहे ते कळत नाही. अनोळखी माणसाने बनवलेली .ईएक्सई फाइल, सर्वांना ठाऊक असलेले पासवर्ड आणि कधीच अपडेट न होणारा डेटाबेस घरात येतो. रिपॅक वापरायचाच असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे पीसीच्या आत चालणाऱ्या वेगळ्या आभासी पीसीत, वापरावा. दुसऱ्या टोकाला सोर्स कोड आणून स्वतः कंपाइल करणे. त्यात शिकायला खूप मिळते, पण कंपायलर, सीमेक, बूस्ट या त्यासाठी लागणाऱ्या साधनांच्या आवृत्त्या जुळवण्यात सुट्टीचा दिवस जातो. मधला मार्ग डॉकरचा, म्हणजे प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासह बंद डब्यात चालवणाऱ्या साधनाचा. प्रकल्पाने स्वतः दिलेली कंपोज फाइल, म्हणजे कोणते डबे कसे उभे करायचे याची यादी, चालवली की डेटाबेस आणि दोन्ही सर्व्हर ठरल्या क्रमाने उभे राहतात. क्लायंटमधून काढावे लागणारे नकाशेही अझरोथकोरच्या या मार्गात तयार उतरवले जातात. आजच्या नवशिक्याला हाच सुचवावा.

नकाशे स्वतःच काढायचे ठरवले तर एक इशारा. राक्षसांना वाट शोधण्यासाठी लागणारे ‘एममॅप’ बनवताना प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण जोराने चालतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा हे काम रात्रीच लावावे. पीसी कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, ती हवा ओलसर असते.

उभारणीचा क्रम : आधी स्वतःचा पीसी, मग घरातले नेटवर्क, मग बाहेरचे जग. पहिल्या पायरीवर सर्व्हर आणि क्लायंट एकाच पीसीवर चालवून क्लायंटच्या ‘रिअल्मलिस्ट’ फाइलमध्ये १२७.०.०.१, म्हणजे ‘हाच पीसी’ असा पत्ता, लिहायचे, वर्ल्डसर्व्हरच्या (जगाच्या सर्व्हरच्या) खिडकीत ‘अकाउंट क्रिएट’ ही आज्ञा देऊन खाते उघडायचे आणि पात्र जगात फिरताना दिसेपर्यंत पुढे जायचे नाही. नमुना म्हणून दिलेल्या ‘.कॉन्फ.डिस्ट’ फायलींची प्रत करून ‘.कॉन्फ’ नाव द्यावे लागते हे इथेच कळते.

आपल्या पीसीबाहेर पाऊल टाकताच, मग ते घरातल्या नेटवर्कवर असो वा बाहेर, नेहमीचा चकवा बसतो. समजा सर्व्हर नागपूरच्या धरमपेठेत आहे आणि मित्र मानेवाड्यातून जोडू पाहतो आहे. त्याने आपल्या फाइलमध्ये पत्ता बरोबर लिहिला, पासवर्डही स्वीकारला गेला, पण जग निवडताच तो परत त्याच यादीवर येतो. कारण पासवर्ड तपासून झाल्यावर जगाचा पत्ता क्लायंटला लॉगिन सर्व्हर सांगतो, आणि तो डेटाबेसमधल्या ‘रिअल्मलिस्ट’ तक्त्यातून उचललेला असतो. तिथे अजून १२७.०.०.१ असेल, तर मानेवाड्यातला क्लायंट मानेवाड्यातल्याच पीसीचे दार ठोठावत बसतो. क्लायंटमधली फाइल आणि डेटाबेसमधला तक्ता यांचे नाव एकच असल्याने घोळ वाढतो. आरअथेनात हेच दुखणे ‘कॅर_आयपी’ आणि ‘मॅप_आयपी’ या कॉन्फ फाइलींतल्या ओळींत असते. चांगल्या मार्गदर्शिकेने लक्षणावरून थर ओळखायला शिकवावे. ‘कनेक्टिंग’वर अडले तर लॉगिन सर्व्हर किंवा बाहेरच्या जोडण्या अडवणारी फायरवॉल, माहिती चुकीची म्हटले तर खाते, यादीवर परत आले तर हा तक्ता. सगळे एका बटणामागे लपवणारी साधने नेमके हेच शिकवत नाहीत. म्हणून बटण बिघडले की माणूस जिथे होता तिथेच.

घराबाहेर : राउटरवर ३७२४ आणि ८०८५ हे पोर्ट सर्व्हरच्या पीसीकडे वळवावे लागतात, ३३०६ कधीही उघडू नये. पण शहरातल्या अनेक घरगुती जोडण्यांवर आणि मोबाइल डेटावर एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर पोर्ट वळवून काहीच होणार नाही. अशा वेळी इंटरनेट पुरवणाऱ्याकडून पैसे भरून स्थिर पत्ता घ्यावा, टेलस्केल किंवा झिरोटियर यांनी मित्रांचे खासगी जाळे बांधावे, नाहीतर मुंबईतल्या डेटा सेंटरमधला व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्याने घ्यावा. चार-पाच मित्रांसाठी खासगी जाळे पुरते, त्यात जगाला दारही उघडावे लागत नाही.

यंत्र भारी लागत नाही. नागपूरच्या बर्डीतल्या (सीताबर्डी) कॉम्प्युटर दुकानांतला जुना ऑफिस पीसी, ८ जीबी मेमरी आणि एसएसडी घालून, मित्रमंडळाला चालतो. त्याहून महत्त्वाचा यूपीएस. अझरोथकोर मूळ रचनेत खेळाडूंची स्थिती दर १५ मिनिटांनी साठवतो. मान्सूनपूर्व वादळात वीज गेली, की तेवढ्या वेळात मिळवलेली तलवारही जाऊ शकते. हा अवधी कॉन्फ फाइलमध्ये कमी करता येतो. बॅकअप मात्र रोज घ्यावा, आणि तो खाती व पात्रे या दोन डेटाबेसांचा. जगाचा डेटाबेस प्रकल्पाकडून पुन्हा आणता येतो.

कायदा : इम्युलेटरचा कोड बहुधा मुक्त परवान्याखाली असतो, ट्रिनिटीकोर जीपीएल या अशाच परवान्याखाली आहे. क्लायंट, चित्रे, संगीत आणि नकाशे मात्र कंपनीचेच. अमेरिकेत वॉरक्राफ्टच्या ब्लिझार्ड कंपनीच्या बॅटलनेट या ऑनलाइन सेवेची नक्कल करणाऱ्या बीनेटडी प्रकल्पाविरुद्ध ब्लिझार्डच्या बाजूने २००५ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला. एप्रिल २०१६ मध्ये ‘नोस्टॅल्रियस’ हा वॉरक्राफ्टचा मोठा खासगी सर्व्हर ब्लिझार्डच्या वकिलांच्या पत्रानंतर बंद झाला. उलट उदाहरणेही आहेत. ‘प्रोजेक्ट १९९९’ या एव्हरक्वेस्टच्या खासगी सर्व्हरला २०१५ मध्ये गेमच्या मालक कंपनीने संमती दिली आणि ‘सिटी ऑफ हीरोज’च्या होमकमिंग सर्व्हरला जानेवारी २०२४ मध्ये त्या गेमच्या मालक एनसीसॉफ्टचा परवाना मिळाला. भारतात प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्याची मुभा आहे, मात्र २०१२ मध्ये आलेले कलम ६५ए संरक्षक कुलपे तोडण्यास मनाई करते. विकत घेतलेल्या क्लायंटवर मित्रांपुरता चालवलेला सर्व्हर आणि वस्तू विकून देणग्या गोळा करणारा सार्वजनिक सर्व्हर यांत जोखमीचा फरक मोठा आहे, आणि कंपन्यांची पत्रे प्रामुख्याने दुसऱ्या प्रकाराला येतात.